उशिराचा कोपरा

टोरांटो, १४ मार्च २०२५

डोरियान,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनवर बोलता येत नाही म्हणून कागद घेतला. तुझा नेनू काका आता दिवसभर घरातच असतो, आणि तू मला काही लिहून पाठवलंस की ते आधी त्याच्या टॅबलेटवर वाजतं. पत्र टाकायला जाते म्हटलं की निदान मला उंबऱ्याबाहेर पडता येतं.

मी चिडलेली आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू गोड मानून वाचणार नाहीस. तू ज्या कंपनीत जाहिराती लिहितेस तिच्या ऑनलाइन कॅसिनोत नेनू खेळायचा. हे मी तुझ्या आईलाही शेवटपर्यंत कळू दिलं नाही. चाळीस वर्षं लोकांच्या घरी फरश्या बसवून गुडघे झिजवले, रिटायर झाला, आणि त्या पडद्यासमोर जाऊन बसला. काय काय गेलं ते मी लिहीत नाही. मागच्या एप्रिलात त्याने सोडलं. अकरा महिने हात लावला नाही.

कसा लावला नाही, ते ऐक. तुमच्याकडे माल्टात मध्यरात्री दिवस उलटला की तुमचं यंत्र 'आजची भेट' पाठवतं. एक तासाच्या आत उघडायची, नाहीतर गेली. तेव्हा आमच्याकडे संध्याकाळचे सहा वाजतात. मला हे पाठ झालेलं आहे. म्हणून पावणेसहाला मी त्याला कोट चढवते आणि डंडास रस्त्यावरच्या आपल्या चर्चात जपमाळेला नेते. टॅबलेट घरी. परत येऊन तो टोपी काढतो तेव्हा सात वाजलेले असतात, भेट मेलेली असते, मी सूप वाढते. बर्फ असो, पाऊस असो, माझं कंबरडं मोडलेलं असो, अकरा महिने. मागच्या ऑक्टोबरात एक आठवडा खाडा झाला, तेव्हा तो पित्ताशयाच्या ऑपरेशनला हॉस्पिटलात होता.

गेल्या रविवारी इथे घड्याळं एक तास पुढे केली. तुम्ही केली नाहीत. मला कोण सांगणार? सोमवारी आम्ही जपमाळेहून आलो, त्याने टोपी काढली, आणि तुमचं ते यंत्र सात वाजता त्याच्या तोंडावर वाजलं. मी सूप गरम करत होते. वळून बघते तर तो पडद्यावर वाकलेला, आणि ओठ हलतायत.

तुमच्यात एवढे शिकलेले लोक भरलेत, कॅनडाची घड्याळं आधी हलतात हे एकालाही माहीत नाही? त्याचं नाव यादीतून काढ. उत्तर माझ्या नावाने पाठव, पोस्टातून.

चेन्सा मावशी


स्लीमा, २९ मार्च २०२५

चेन्सा मावशी,

तुझं अक्षर पाकिटावर बघून मी ते जिन्यातच फोडलं. काकांचं असं काही असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. तू सगळं एकटीने ओढलंस याचं मला वाईट वाटतं, आणि ते आईला तरी सांगायला हवं होतंस.

पण राग माझ्यावर काढू नकोस. हे कुणी मुद्दाम करत नाही. यंत्राला एवढंच सांगून ठेवलेलं आहे की माल्टाची मध्यरात्र. अमेरिका आणि कॅनडा घड्याळं आमच्या तीन आठवडे आधी पुढे करतात, म्हणून मधल्या दिवसांत सहाचे सात होतात. दरवर्षी होतं, कुणी लक्ष देत नाही. आज रात्री आमचीही घड्याळं पुढे जातील. हे पत्र तुला पोचेल तोवर भेट पुन्हा सहालाच येत असेल आणि तुझा कोट, तुझी जपमाळ, सगळं जागच्या जागी बसलेलं असेल.

नाव मला काढता येत नाही. आमच्याकडे खेळणाऱ्याने स्वतः सांगावं लागतं की माझं खातं बंद करा. बायकोने सांगून चालत नाही, भाचीने तर नाहीच. काकांना राजी कर. पाच मिनिटांचं काम आहे.

या तीन आठवड्यांत तिकडच्या लोकांना काय पाठवायचं ते दुसऱ्या टेबलावर ठरतं. मला त्यातलं फारसं माहीत नाही.

डोरियान


टोरांटो, २ एप्रिल २०२५

बाळ डोरियान,

तुला माझं पत्र कधी आलं नसेल. हे मी इथल्या आपल्या माल्टी लोकांच्या क्लबात बसून लिहितोय. तुझ्या मावशीला कळू देऊ नकोस, ती उगाच जिवाला लावून घेते.

तुझे आभार मानायचे होते. अकरा महिने मी त्या खेळाला शिवलो नव्हतो. रोज निरोप यायचे, मी उघडायचो नाही. अमुक मिळेल, तमुक मिळेल, ते सगळं परक्याचं. पण मार्चमध्ये सात वाजता एक आलं, वर माझं नाव आणि खाली मोठ्या अक्षरात 'उशिराचा कोपरा'. मॅकरोनीचं चित्रसुद्धा होतं, कडेला करपलेली, तुझी नान्ना, माझी सासू, रविवारी भट्टीतून काढायची तशी. मी दोनदा चष्मा पुसला.

तुला नान्नाने सांगितलं असेल की नाही कोण जाणे. मी झेयतूनला तुमच्या घरी मुलगी बघायला पहिल्यांदा आलो तेव्हा माझी बस चुकली आणि दोन तास उशीर झाला. सगळ्यांचं जेवून झालं होतं, तुझे आजोबा तर बोलायलाही उठले नाहीत. तुझ्या नान्नाने झाकलेली ताटली, आत मॅकरोनीच्या परातीतला कोपऱ्याचा तुकडा, माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "हा उशिराचा कोपरा. ठेवलेला आहे, तर खायचा." त्या घासालाच मी ओळखलं की हे लग्न होणार. हा शब्द त्या घराबाहेर मी कुठे ऐकलेला नाही.

म्हणजे तूच ठेवलास. एवढ्या मोठ्या कंपनीत बसून तुला काकाची आठवण झाली. मग मी तो कसा टाकणार, सांग. घरच्या पोरीने झाकून ठेवलेलं परत पाठवायचं म्हणजे तिचा अपमान. मी रोज उघडला.

आता तो येत नाही, नेहमीचंच येतं सहाला. मी जपमाळेहून येईपर्यंत ते संपतं, म्हणून मी गुडघ्याचं कारण सांगून दोनदा घरी राहिलो. क्लबातले म्हणतात की ऑक्टोबरात तुमची घड्याळं आमच्या आठवडाभर आधी मागे जातात. तेव्हा पुन्हा ठेवशील ना?

तुझा नेनू काका


टोरांटो, १४ एप्रिल २०२५

डोरियान,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. मी दोन दिवस तुझ्यावर विश्वास ठेवला.

काल झावळ्यांच्या रविवारचं क्लबात जेवण होतं. लोन्झा झेराफाचा थोरला तुमच्याच कॅसिनोत खेळतो. तो फोनवरचा मार्चमधला निरोप दाखवत सगळ्या टेबलांवर फिरला, "बघा, आता आपल्यासारखी मॅकरोनीही देतात." मी वाचलं. वर लिहिलं होतं, 'उशिराचा कोपरा'.

दुसऱ्या टेबलावर ठरतं म्हणालीस. कुठल्या गं? ते टेबल झेयतूनच्या स्वयंपाकघरातलं होतं. त्यावर माझी आई पीठ मळायची, आणि त्याखाली तू आणि तुझा भाऊ लपायचात. तो शब्द आईचा होता. पृथ्वीच्या पाठीवर तो माहीत असलेली पाच माणसं उरली असतील, आणि त्यातलं एकच माणूस जाहिराती लिहितं.

यंत्राची चूक म्हणे. चूक असती तर तिच्यावर इतकं गोंडस नाव शिवलं नसतं. 'तुमच्या घड्याळाने तास पळवला, आम्ही तुमचा घास झाकून ठेवलाय', हे यंत्राने लिहिलं? माणसं घड्याळाच्या घोळात चुकणार हे तुला ठाऊक होतं. चुकलेल्याला कसं धरायचं तेही तुला ठाऊक होतं, कारण आईने तुला भरवताना शिकवलं. आणि माझं सगळं वाचल्यावर, अकरा महिने वाचल्यावर, तू शांतपणे बसून मला खोटं लिहिलंस.

नेनू काल क्लबातल्या जेवणाला आला नाही, जपमाळेलाही नाही. गुडघा दुखतो म्हणे. चाळीस वर्षं गुडघा दुखतोय, तेव्हा कामाला जायचाच ना.

चेन्सा


स्लीमा, ५ मे २०२५

मावशी,

हो, मीच लिहिलं.

मार्चमध्ये तुमच्याकडची माणसं सवयीने सहाला येतात, काही नसतं म्हणून निघून जातात आणि सातला फिरकत नाहीत. फ्रेड्रिक, आमचा स्वीडिश साहेब, म्हणाला, या चुकलेल्यांना परत बसवेल असं काहीतरी दे. मला शब्द सुचला. फेब्रुवारीत लिहून दिला, तुझं पत्र येण्याआधी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पगार वाढला. त्या वाढलेल्या पगारात स्लीमातल्या या दोन खोल्यांचं भाडं जेमतेम निघतं, कारण तुम्ही सोडून गेलात ते बेट आता माझ्यासारख्यांना परवडत नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा निरोप जाऊन वीस दिवस झाले होते. खरं लिहायला घेतलं होतं, लिहवलं नाही. त्याबद्दल तू मला हवं ते बोल, ते मला लागू आहे.

पण शब्दाबद्दल बोलू नकोस. तुझी आई, तुझी आई करतेस. १९७४ साली विमानात बसलीस ती तू. शेवटची पाच वर्षं नान्नाला चमच्याने कुणी भरवलं? तिची चादर कुणी बदलली? ती मला तुझ्या नावाने हाक मारायची, आणि मी 'ओ' द्यायचे. तू गेलीस त्यानंतर तिने झाकून ठेवलेला प्रत्येक कोपरा मी खाल्लाय. शब्द माझाही आहे. मी तो विकला असेल, पण चोरला नाही.

आणि काकांचं बोट धरून मी बटण दाबलेलं नाही.

त्यांचं मला पत्र आलंय. काय लिहिलंय ते त्यांनी सांगू नको म्हटलंय. उत्तर देता येत नाहीये मला.

डोरियान


टोरांटो, २३ जून २०२५

डोरियान,

आईच्या चादरीवरून बोललीस, ते बरोबर आहे. त्यावर मी काही म्हणत नाही. बाकीचं माझ्या गळ्याखाली उतरलेलं नाही आणि उतरणार नाही.

शनिवारी चर्चात नातीचं दृढीकरण होतं. बिशपने तिच्या कपाळाला तेल लावलं तेव्हा मी शेजारी बघितलं, नेनू नाही. गाडीत सापडला. सूट, टाय, मांडीवर टॅबलेट. पोरगी बाहेर येऊन काचेवर टकटक करत होती, "नान्नू, फोटो." त्याने हात वर करून थांब म्हणून सांगितलं. फोटोत तो नाही.

घरी आल्यावर मी त्याला सोडलं नाही. अकरा महिने सुटलं होतं, मग पुन्हा का? माझी जपमाळ तासाने चुकली म्हणून? तर म्हणतो, "तुझी जपमाळ कशाला, चेन्स. डोरियानने ठेवलं होतं. पोरीने ठेवलेलं टाकायचं होतं का?"

त्याला वाटतं ते त्याच्या एकट्यासाठी होतं. तू तिकडून त्याला ताट झाकून ठेवलंस, असं. आता मला कळलं त्याने तुला काय लिहिलं असेल. मी तोंड उघडलं, खरं सांगायला, आणि मिटलं. इतका खूश दिसत होता बोलताना. मुलगी आली की उपदेश करते, मी आले की पहारा देते, एकट्या तूच त्याची आठवण काढलीस असं तो धरून बसलाय. ऑक्टोबरची वाट बघतोय. तोवर, म्हणे, सहाच्या भेटीची नुसती चव घेतो.

त्याला खरं सांगू नकोस. तेवढं तरी त्याच्याकडे राहू दे. तू एकच कर, ऑक्टोबरात तो शब्द इथे येऊ देऊ नकोस. बंद पाड, गडबड कर, नोकरीवर पाणी सोड, मला घेणंदेणं नाही. तुझ्यामुळे उघडलेलं दार आहे, तूच लावायचं.

चेन्सा


स्लीमा, ३ ऑक्टोबर २०२५

नेनू काका,

तुमच्या पत्राला सहा महिने उत्तर दिलं नाही. आज देते. मधेच कागद टाकून देऊ नका, शेवटपर्यंत वाचा.

मार्चमधला तो कोपरा तुमच्यासाठी नव्हता. तो अकरा हजार चारशे माणसांना गेला. वर तुमचं नाव होतं तसं प्रत्येकाचं होतं, ते यंत्र घालतं. ते लिहिताना मला तुमची आठवण झाली नव्हती. हे वाक्य मी तीन वेळा खोडलं, पण खरं तेच आहे. तुम्ही आमच्याकडे खेळता हेही मला तेव्हा ठाऊक नव्हतं. साहेबाने सांगितलं की तुमच्याकडची घड्याळं आमच्या आधी हलतात, त्यात माणसं चुकतात, त्यांना परत आणायचंय. मी विचार केला, चुकलेल्या माणसाला काय दिलं की तो येतो. आणि मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. तुम्ही आलात, म्हणजे माझं काम नीट झालं होतं. तुम्हाला फसवायचं नव्हतं, कुणालातरी फसवायचं होतं, आणि त्या कुणाततरी तुम्ही होतात.

२६ तारखेला आमची घड्याळं मागे जातील. तुमची त्यानंतर एका आठवड्याने. त्या आठवड्यात सात वाजता तो पुन्हा येईल. मी थांबवायला गेले होते. फ्रेड्रिक ओरडला नाही, कॉफी पाजली. म्हणाला, शब्द आता कंपनीच्या नावावर नोंदवलेला आहे, उत्तम चालतो, तुला त्रास होत असेल तर तू नको लिहूस. दुसरी एक डॅनिश बाई लिहिते आहे. तिने मला विचारलं, कोपरा म्हणजे खोलीचा की रस्त्याचा. मी तिला समजावून सांगितलं. सांगताना माझी मलाच चीड आली, तरी सांगितलं.

तुम्ही लिहिलंत, ठेवलेलं टाकलं तर ठेवणाऱ्याचा अपमान होतो. माझा होणार नाही. मी तुमच्यासाठी काहीही ठेवलेलं नव्हतं. नान्नाने ठेवलेला एक घास होता, तो तुम्ही त्या दिवशीच खाल्लात.

मावशीने तुम्हाला हे सांगू नको म्हणून बजावलं होतं. तिच्यावर रागावू नका. माझ्यावर रागवा, अगदी हवं तेवढं, आणि खातं बंद करा. ते तुमच्याशिवाय कुणालाच करता येत नाही.

नाताळात येईन म्हणते. तुम्ही दार उघडलंत तर.

डोरियान


टोरांटो, २४ ऑक्टोबर २०२५

डोरियान,

सांगू नकोस म्हटलं होतं मी.

पत्र गेल्या शुक्रवारी आलं, त्याच्या नावाने, म्हणून मी उघडलं नाही. त्याने जेवणाच्या टेबलावर बसून वाचलं. मग माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाला, "मोठ्याने वाच." मी वाचलं. अकरा हजार चारशेवर त्याने मला थांबवलं, आकडा पुन्हा वाचायला लावला. नंतर उठून अंगणात गेला आणि अंजिराला थंडीसाठी गोणपाट बांधायला घेतलं. एरवी अर्ध्या तासाचं काम. अंधार पडेपर्यंत आत आला नाही. मी खिडकीतून बघत होते, तो बांधायचा, सोडायचा, पुन्हा बांधायचा.

चार दिवस एक शब्द बोलला नाही. माझ्याशीही नाही, कारण मला माहीत होतं आणि मी गप्प बसले होते. क्लबात गेला नाही. तिथे त्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माझी भाची माझ्यासाठी ठेवते. आता त्याला त्यांच्यात जाऊन बसायचंय, त्र्याहत्तराव्या वर्षी. तू विचार केला होतास का याचा? मला राग आवरत नाही तुझा. तू दार लावलंस हे मला दिसतंय, पण त्याची बोटं आत होती.

मंगळवारी, साडेपाचच्या सुमारास, त्याने तुमच्या कंपनीला फोन लावला. स्पीकर सुरू ठेवला, मला ऐकू यावं म्हणून. एक मुलगी बोलत होती, गोड आवाजाची. तिने विचारलं, किती दिवस बंद ठेवायचं. तो म्हणाला, कायमचं. ती म्हणाली, एकदा केलं की परत उघडणार नाही, आणि पुढच्या आठवड्यात तुमच्या भागातल्या लोकांसाठी खास भेट येणार आहे, तोवर थांबता का. तो म्हणाला, नाही.

मग ती म्हणाली, कारण सांगावं लागतं. वेळ जातो, खर्च होतो, दुसरीकडे खेळता, यातलं एक निवडा. त्याने फोन टेबलावरून उचलला. मला वाटलं ठेवतोय फोन.

"लिही," तो म्हणाला, "मला वाटलं होतं तिथे माझं ओळखीचं कुणी आहे."

ती म्हणाली, हे कुठल्या रकान्यात बसत नाही. तो म्हणाला, मग जिथे बसेल तिथे लिही, पण लिही. आणि फोन माझ्या हातात देऊन जपमाळेसाठी आपणहून कोट घालायला गेला.

नाताळात येऊ नकोस. पुढचं मला माहीत नाही. तिने ते लिहिलं असेल तर तुमच्याकडे दिसेल.

चेन्सा